कुठला परिच्छेद?

आमचे हे, म्हणजे तानाजीराव, कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत. लग्नाची पत्रिका आली तर खालच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावांपर्यंत वाचतात. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी उलगडून वाचतात आणि ती परत तशी घडी होत नाही म्हणून माझ्यावर वैतागतात. यात दोष स्वभावाचा किती आणि नोकरीचा किती, हे अठरा वर्षांच्या संसारात मला ठरवता आलेलं नाही.

नोकरी मस्कतमधल्या एका बांधकाम कंपनीत. सरकारी खात्यांमध्ये कंपनीचे कागद घेऊन जाणारा माणूस, त्याला इथे मंदूब म्हणतात, तो कायद्याने ओमानीच असावा लागतो. आमच्या कंपनीचा मंदूब हमूद. खिडकीपाशी उभं राहणं, चार शब्द गोड बोलणं, काम करून आणणं हे त्याचं. पण त्याच्या काखेतली फाईल तयार करतात ते हे. नवा नियम निघाला की ऑफिसात बोंब उठते, "तानाजी, विसा बंद झाले म्हणे, खलास." मग हे चष्मा पुसतात आणि विचारतात, "कुठला परिच्छेद बदलला?" कारण यांच्या मते नवा आदेश म्हणजे बहुतेक वेळा जुन्या आदेशातला एखादा परिच्छेद काढून तिथे दुसरा बसवलेला असतो. बाकीचं होतं तसंच राहतं. लोक नुसता मथळा वाचतात आणि हातपाय गाळून बसतात.

हेच वाक्य घरातही चालतं. शाळेची नोटीस असो, सोसायटीचं पत्र असो, फोन कंपनीचा मेसेज असो, सगळ्यांना एकच प्रश्न. आमची पूर्वा अकरावीत आहे. ती हे वाक्य सुरू झालं की डोळे फिरवून आपल्या खोलीत जाते.

तिचा राग नुसता वाक्यावर नव्हता. आदल्या वर्षी, म्हणजे २०१६ च्या डिसेंबरात, इथल्या भारतीय शाळांच्या विज्ञान स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत पोचली होती. परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला आणि पोरीची वाचाच बसली. दहा सेकंद गेले, वीस गेले. तेवढ्यात प्रेक्षकांतून हे उभे राहिले आणि त्यांनी मोठ्याने उत्तर सांगून टाकलं. अख्खा हॉल हसला. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो महिनाभर मुलांच्या मोबाईलवर फिरत होता. पूर्वा आठ दिवस शाळेत गेली नाही. यांना मात्र कळेना की चुकलं काय, उत्तर तर बरोबर होतं.

या वर्षी ती पुन्हा उभी राहिली, हेच मला मोठं वाटलं. जोडीला अंबरीन, आमच्या अल खौदमध्ये हार्डवेअरचं दुकान असलेल्या जुनैदभाईंची मुलगी. जुनैदभाई मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे दोन्ही घरांत मासळीपासून मुलींच्या अभ्यासापर्यंत सगळं सामायिक. स्पर्धेचा विषय होता, एका देशाचा अवकाश कार्यक्रम घ्या आणि पुढच्या वीस वर्षांत तो कुठे पोचेल ते मॉडेल करून दाखवा. चिठ्ठीत आमच्या मुलींना अमेरिका आली. नियम एवढाच, की मॉडेल त्या देशाच्या चालू धोरणाला धरून हवं.

अमेरिकेचं चालू धोरण २०१० सालचं होतं. तेव्हाच्या अध्यक्षांनी ठरवून दिलं होतं, की चंद्र झाला आहे, आता त्याच्या पुढे जायचं. २०२५ पासून माणसाने एखाद्या लघुग्रहावर जायचं आणि २०३५ च्या आसपास मंगळाभोवती फेरी मारून सुखरूप परत यायचं. मुलींनी तीन महिने खपून ते सगळं एका लांबलचक प्लायवूडवर उभं केलं. डाव्या टोकाला पृथ्वी, म्हणजे निळा रंग दिलेला अर्धा बास्केटबॉल. मधे तारेवर लटकलेला लघुग्रह. अल मवालेहच्या भाजी मार्केटमधून मी आणलेला अडीच किलोचा सुरण त्या कामी आला. मी तो भाजीसाठी आणला होता, पण त्याचे खड्डे आणि गाठी पाहून दोघींनी तो पळवला. आणि उरलेल्या सगळ्या फळीवर मंगळ. त्यासाठी ऑक्टोबरात आम्ही मुद्दाम बिदियाला जाऊन तिथल्या टेकड्यांची तांबूस वाळू बाटल्या भरभरून आणली होती. पूर्वाने ती हाताने चाळली, गोंद लावून थरावर थर बसवली. तारेवरून पृथ्वीपासून मंगळापर्यंत जाणारं यान म्हणजे माझं स्टीलचं नरसाळं. तेल ओतायला मी तीन महिने वाटी वापरत होते.

बारा डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी बातम्या लागल्या होत्या. अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदल्या दिवशी नव्या अवकाश आदेशावर सही केली. पडद्यावर पेन, कागद, टाळ्या. खाली पट्टी, अमेरिका पुन्हा चंद्रावर जाणार. स्पर्धा शनिवारी.

पूर्वाच्या हातातला घास हातातच राहिला. "बट वी हॅव मार्स," ती म्हणाली.

बुधवारी शाळेत विज्ञानाचे गुरुदत्त सर स्पष्टच बोलले. वाईट माणूस नव्हे, पण शाळेचं नाव त्यांच्या डोक्यावर. नियमात चालू धोरण म्हटलंय, शुक्रवारी सकाळी मी घरी येऊन मॉडेल बघतो, धोरणात बसत नसेल तर बारावीच्या केयूरचा संघ पाठवीन, त्यांचं मॉडेल तयार आहे. पूर्वाने मला शाळेतूनच फोन करून हे सांगितलं. आवाज अगदी सपाट होता. मला तो आवाज ओळखीचा होता. आदल्या वर्षी आठ दिवस घरात बसली होती तेव्हा तिचा असाच आवाज होता. मी चुकून तो फोन स्पीकरवर घेतला होता आणि हे शेजारी जेवत होते. त्या दिवशी हमूदबरोबर खात्यात जावं लागलं होतं, म्हणून दुपारी घरी आले होते.

आता हे काय करतील असं कुणाला वाटेल? कागद मागवतील, वाचतील. ज्या माणसाने औषधाची चिठ्ठी सोडली नाही, तो अमेरिकेच्या अध्यक्षांचा आदेश सोडेल? पण नाही. जन्मात पहिल्यांदा यांनी कागद न वाचता काम केलं. जुनैदभाईंच्या दुकानातून सिमेंटची पिशवी आणि ब्रश आणला, बाल्कनीत बसले, सुरण तारेवरून काढून माझ्या पुढ्यात ठेवला आणि मंगळावर सिमेंटचं पाणी मारायला लागले.

मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"चंद्र," हे म्हणाले. "सही झाली ना? मग आता मंगळ चालायचा नाही. एका दिवसाच्या उशिराने माणसं खिडकीवरून परत गेलेली मी पाहिलीयेत, सुगंधा. पोरीचं नाव कापलं जायला नको."

मी काही बोलले नाही, ही माझी चूक. मलाही वाटलं, यांना कळत असेल. अठरा वर्षं आदेशांच्याच कागदांत घालवलेला माणूस.

साडेचारला पूर्वा आणि अंबरीन आल्या. फळीचा मधला भाग करडा झाला होता. ब्रश यांच्या हातात, कपाळाला सिमेंट, आणि चेहरा असा की आता शाबासकी मिळणार. पूर्वा बाल्कनीच्या दारात उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दॅट वॉज अवर सँड, पप्पा," एवढंच म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

अंबरीन हळूच म्हणाली, "काका, आम्हांला विचारायचं तरी." आणि तीही गेली.

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. पोरीसाठी आला, वाळूसाठी आला, आदल्या वर्षीचाही उरलेला आला. मी कमरेवर हात ठेवून यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "कुठला परिच्छेद बदलला?"

यांनी ब्रशकडे पाहिलं, मग फळीकडे.

"विचारतेय मी. अख्ख्या दुनियेला विचारता ना? कुठला परिच्छेद बदलला, ते वाचलंत का?"

"टीव्हीवर दाखवलं," हे म्हणाले.

"टीव्हीवर पेन दाखवलं. वाचलंत का?"

 यांनी ब्रश पाण्यात ठेवला, हात धुतले आणि रात्रभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. घरात तिघं माणसं आणि तिघंही गप्प, फक्त तो सुरण ओट्यावर पडून होता. त्याला मुलींनी आधीच करडा रंग मारलेला, भाजी करायचीही सोय नाही.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर हे घरी आले ते छापील कागदांचा गठ्ठा घेऊन. एक आदेश २०१० चा, चांगला जाडजूड. दुसरा सोमवारचा, अगदी किरकोळ, घडी केली तर शर्टाच्या खिशात मावेल असा. दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पट्टी घेतली, लाल पेन घेतलं आणि ओळीखाली पट्टी सरकवत वाचायला लागले. मी चहा ठेवला तो गार झाला.

अर्ध्या तासाने यांचा आवाज आला, हळू, पण मला स्वयंपाकघरात ऐकू येईल असा. "सुगंधा, एकच आहे."

"काय एकच आहे?"

"परिच्छेद. एकच बदललाय. बाकी सगळं जुनंच चालू आहे."

खोलीचं दार थोडं उघडं झालं. मी तिकडे पाहिलं नाही, मुद्दामच. हे मोठ्याने वाचायला लागले, त्यांच्या त्या कागदी इंग्रजीत. जुना परिच्छेद होता लघुग्रहाचा आणि मंगळाच्या फेरीचा. तो काढून टाका आणि त्या जागी हा घाला. नव्यात म्हटलं होतं, की अमेरिका माणसाला पुन्हा चंद्रावर नेईल, तिथे दीर्घकाळ काम करील. आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन आणखी काही होतं. तिथे यांची पट्टी थांबली.

"पुढे वाचा," पूर्वा दारातून म्हणाली.

"तूच वाच," हे म्हणाले. "माझा उच्चार तुला आवडत नाही."

ती आली, यांच्या खांद्यावरून वाकली आणि वाचलं, "फॉलोड बाय ह्यूमन मिशन्स टू मार्स." मग परत वाचलं. मग ती बाल्कनीत गेली. आम्ही दोघं मागोमाग गेलो. फळीवर डावीकडे निळी पृथ्वी होती, मधे करडा पट्टा आणि त्याच्यापुढे टोकापर्यंत बिदियाची लाल वाळू, बुधवारी ब्रश जिथे थांबला होता तिथपासून. आधी चंद्र, मग मंगळ. लघुग्रह तर यांनी आधीच उतरवून ठेवला होता.

पूर्वा हसायला लागली. दोन दिवसांनी हसली. हसता हसता तिने भिंतीला टेकून बसकण मारली आणि अंबरीनला फोन लावला, "इकडे ये, यल्ला, लवकर, पप्पांनी चुकून बरोबर केलंय."

हे मात्र हसले नाहीत. तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "पूर्वा, माझं चुकलं. मला इथलं माहीत. इथे सुलतानांचा हुकूम, मरसूम, निघाला की तो लागू. मला वाटलं, तिथेही अध्यक्षांनी सही केली म्हणजे संपलं. वाचायला हवं होतं. तुला विचारायला हवं होतं."

माझ्या नवऱ्याने 'माझं चुकलं' म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मला थोडा हेवाच वाटला.

अंबरीन आली आणि मग तिघांनी टेबल व्यापलं. मुलींनी यांना समजावलं, की तिकडे अध्यक्ष फक्त दिशा ठरवतात, पैसे द्यायचे की नाही हे तिथली संसद ठरवते. हे एकदम खूश झाले. "म्हणजे सही एका खात्याची आणि मंजुरी दुसऱ्या खात्याची. असं मराठीत सांगा ना." मग अंबरीनने सांगितलं, की २००४ साली एका अध्यक्षांनी चंद्राचा कार्यक्रम सुरू केला होता, २०१० मध्ये पुढच्या अध्यक्षांनी तो थांबवला, पण संसदेने माणसांना नेणारं यान मात्र चालू ठेवायला लावलं. यांनी विचारलं, ते यान आता कुठे जाणार? अंबरीन म्हणाली, आता तेच चंद्राकडे जाणार. यांनी माझ्या नरसाळ्याकडे बोट दाखवलं. "मग याला हात लावू नका. हे दोन्ही आदेशांत पास आहे."

शुक्रवारी सकाळी गुरुदत्त सर आले. मुलींनी त्यांना दोन कागद दाखवले, लाल रेघांसकट. सरांनी कागद वाचले, फळी पाहिली, परत कागद वाचले. "लघुग्रह कुठे गेला?" त्यांनी विचारलं. मी ओट्यावरचा सुरण दाखवला. सर म्हणाले, "उद्या आठ वाजता, युनिफॉर्ममध्ये." जाताना यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मात्र, सर, प्लीज…"

"मी गाडीत बसणार आहे," हे म्हणाले. पूर्वाने त्यांना तसं सप्टेंबरातच सांगून ठेवलं होतं.

शनिवारी हॉल भरलेला. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी जुनैदभाई आणि त्यांची बायको गुलबानू. हे बाहेर पार्किंगमध्ये, काचा वर करून. मॉडेल मुलींनी छान मांडलं, यान तारेवरून सरसर गेलं, पाच मिनिटं नीट पार पडली. माझी भीती त्यानंतरची होती. परीक्षकांत विद्यापीठातल्या एक ओमानी प्राध्यापिका होत्या, डॉक्टर सफिया. त्यांनी चष्मा खाली करून इंग्रजीत विचारलं, "सोमवारी तुमच्या देशाच्या अध्यक्षांनी धोरण बदललं. आता अमेरिका चंद्रावर जाणार आहे, मंगळावर नाही. मग तुमच्या मॉडेलचा अर्धा भाग लाल का?"

पूर्वा गप्प.

मी मनात मोजायला लागले. पाच. आठ. मागच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसलं. आदल्या वर्षीचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. अंबरीन तोंड उघडणार तेवढ्यात पूर्वाने तिच्या हातावर हात ठेवला. गुलबानूने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. दहा. अकरा.

"विच पॅराग्राफ, मॅम?" पूर्वा म्हणाली.

डॉक्टर सफिया म्हणाल्या, "आय बेग युवर पार्डन?"

"धोरण बदललं असं तुम्ही म्हणालात. त्यातला कुठला परिच्छेद बदलला?" पोरीचा आवाज खणखणीत होता. मग ती थांबलीच नाही. म्हणाली, आदेशाने २०१० च्या धोरणातला एकच परिच्छेद बदलला आहे. लघुग्रह गेला, म्हणून आमच्या फळीवरूनही गेला. चंद्र आला, म्हणून हा करडा भाग. आणि त्याच वाक्यात पुढे मंगळ आहे, म्हणून हा लाल. बातम्यांनी वाक्य अर्धं वाचलं, आम्ही पूर्ण वाचलं. तिने दोन्ही कागद पुढे केले.

डॉक्टर सफियांनी ते घेतले, लाल रेघ पाहिली, आणि दुसऱ्या परीक्षकांना दाखवली. मग विचारलं, "म्हणजे सही झाली की माणूस चंद्रावर जाणार?"

"नाही मॅम. सहीने दिशा मिळते. पैसे संसद देते, आणि सही करणारे बदलत राहतात. या चौदा वर्षांत दिशा तीनदा बदलली. म्हणून आम्ही यान बदललं नाही. कुठल्याही अध्यक्षांनी कुठेही पाठवलं तरी जाऊ शकेल असं यान बांधून ठेवणं, हे खरं काम." आणि तिने माझ्या नरसाळ्यावर हात ठेवला.

हॉलमध्ये आधी एकानेच टाळी वाजवली. ते गुरुदत्त सर होते. मग सगळा हॉल वाजायला लागला. जुनैदभाई उभे राहून वाजवत होते, गुलबानू त्यांचा सदरा ओढत होती. डॉक्टर सफिया हसत होत्या. त्यांनी विचारलं, "हे असं वाचायला कुणी शिकवलं तुला?"

"माझ्या पप्पांनी," पूर्वा म्हणाली. "त्यांचं कामच ते आहे." एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, त्याच मुलांसमोर, मान वर करून म्हणाली. मी रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

पहिला नंबर आमच्या मुलींचा आला. नाव पुकारल्यावर पूर्वाने प्रमाणपत्र घेतलं, अंबरीनच्या हातात चषक दिला आणि फोटोसाठीसुद्धा न थांबता ती मधल्या वाटेने सरळ दाराकडे निघाली. मी मागून धावले. पार्किंगमध्ये आमची गाडी उन्हात, हे आत स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ताठ बसलेले. कुणी टाळ्या ऐकल्यात का विचारलं तर म्हणाले असते, कशाच्या होत्या ते कागदावर दाखवा.

पूर्वाने काचेवर टकटक केली आणि कागद आत दिला.

यांनी चष्मा पुसला. मग सवयीने वरून वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, बोट ओळीखाली सरकवत. स्पर्धेचं नाव. साल. शाळेचं नाव. पूर्वा तानाजी, असं वाचलं, पुढचं आडनाव वाचलं. मग बोट पुढच्या ओळीवर गेलं आणि आवाज बंद झाला. बोट तिथेच. 

मी खिडकीत वाकले आणि विचारलं, "काय झालं? कुठला परिच्छेद?"

यांनी बोटाने दाखवला. वाचता काही येईना. मग पूर्वाच दार उघडून यांच्या शेजारच्या सीटवर बसली, त्यांचं बोट बाजूला केलं आणि ती ओळ वाचून दाखवली, पहिला क्रमांक, एकदा आणि मग पुन्हा एकदा.

"पुढच्या वर्षी तुम्ही आत बसा, पप्पा," ती म्हणाली. "फक्त उभे राहू नका."